खड्ड्यातली मंडळी

मालवणातला माझा पहिला दिवस एका लग्नात गेला. दुसऱ्या दिवशी शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणून रुजू व्हायचं होतं. घरमालकांच्या शेजारी लग्न निघालं, तेव्हा त्यांनी मलाही ओढून नेलं. पहिली पंगत नुकतीच उठत होती. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेला एक उंच, वाळका माणूस उष्ट्या पत्रावळी भराभर उचलून टोपलीत टाकत होता. मला तहान लागली होती. मी म्हटलं, "अरे, जरा तांब्याभर पाणी आण." त्याने टोपली खाली ठेवली, हात धुतले, पाणी आणून दिलं आणि मी पिऊन होईपर्यंत तांब्यासाठी उभा राहिला. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी ओळख करून दिली, "हे आमचे सायन्सचे मास्तर. बी. एस्सी. आहेत." बघतो तर तोच माणूस, फक्त वर काळा कोट. मी कोल्हापूरकडचा, अंगात थोडी ऐट होती. ती तिथल्या तिथे उतरली. मास्तर हसून एवढंच म्हणाले, "पाणी गार होतां मां?"

मग कळलं की मास्तर कुठल्याच लग्नामुंजीत पहिल्या पंगतीला बसत नाहीत. पहिली पंगत उठली की पत्रावळी उचलायच्या, जागा पुसून घ्यायची आणि अगदी शेवटी चारजणांबरोबर उरलंसुरलं जेवायचं, हा त्यांचा नेम. त्या काळी उष्टी काढणं हे कोणाचं काम समजलं जाई ते सांगायला नको. चांगल्या घरातला, शिकलेला माणूस असं करतो म्हणून भाऊबंदांतल्या दोन घरांनी त्यांना बोलावणंच बंद केलं होतं. कोणी म्हणे नवस आहे, कोणी म्हणे डोकं फिरलंय. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "वाढणाऱ्याक सगळे बघतत. पण उचलणारो नसलो तर दुसरी पंगत बसात खंय?" मला ते नीटसं कळलं नाही. कळायला पुढे दोन वर्षं आणि बराच चिखल लागला.

ते माझ्याशी मुद्दाम मालवणीतच बोलत. माझी भाषा सुधारावी म्हणून, असं त्यांचं म्हणणं. वर्गात मात्र पुस्तकी मराठी. मला हाक मारायचे 'चित्रकार' अशी. मी समुद्र रंगवायच्या हौसेने मालवणात आलो होतो. बरोबर रंगांची पेटी होती, आणि किल्ल्यावरचा सूर्यास्त कुठून चांगला दिसेल हेही मनात ठरलेलं होतं. पहिल्या महिन्यातच मास्तरांनी मला विज्ञानाच्या खोलीत नेलं, खिडकीशी ठेवलेल्या पितळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला आणि म्हणाले, "ह्यां काढ." पुढची कित्येक वर्षं मी तेच काढत होतो. सूर्यास्ताचं चित्र अजून अर्धं आहे.

त्या सूक्ष्मदर्शकाचीही एक गोष्ट आहे. गोव्यात तेव्हा अजून पोर्तुगीज होते. तिथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरने मास्तरांची आवड बघून आपलं जुनं यंत्र त्यांना देऊन टाकलं. बांद्याच्या नाक्यावर शिपायाने गाठोडं उघडलं. आत पितळेची नळी, आरसा, स्क्रू. त्याला वाटलं, हे काहीतरी बंदुकीचंच अंग. मास्तरांनी वाद घातला नाही. खिशातून दात कोरायची काडी काढली, शिपायाला तोंड उघडायला सांगितलं, त्याच्या दाढेचं किटण काचेवर घेतलं आणि उन्हात यंत्र मांडून त्याला बघायला बसवलं. शिपाई बराच वेळ डोळा काढेना. मग हळूच विचारलं, "हे... ह्ये माझ्या तोंडात आसत?" "तुझ्या, माझ्या, मोठ्या सायबाच्याय." शिपाई उठला, विहिरीवर जाऊन पाच-सहा चुळा भरून आला आणि हाताने खूण करून म्हणाला, "जावा."

त्या सूक्ष्म जीवांना मास्तर जंतू म्हणत नसत. 'मंडळी' म्हणत. सकाळी खोलीत शिरताना खिडकीतल्या बरण्यांकडे बघून, "काय, मंडळी उठली?" बरण्या म्हणजे लोणच्याच्या काचेच्या. त्यात खाडीचा चिखल, अंड्याची टरफलं आणि मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांचे कपटे. मंडळींना खायला कागद चालतो, असं त्यांनी सांगितलं. नापास झालेल्यांचे पेपर ते मुद्दाम आधी फाडत. "हय तरी कामाक येवंदेत," म्हणत. महिन्याभरात बरणीत थर उतरायचे: तळाशी काळा, वर हिरवट, मध्ये कुठे तांबूस. खोलीत वासही उतरायचा.

त्या वासावरून त्यांचं आणि हेडमास्तरांचं कायमचं वाकडं. हेडमास्तर भले गृहस्थ, पण स्वच्छतेचे वेडे. शाळेच्या पायऱ्या रोज दोनदा फिनेलने धुतल्या जात. हेडमास्तर कोपऱ्यावरून येताहेत हे आधी फिनेल सांगे, मग चपला. मास्तर म्हणायचे, "ह्या माणसान फिनेल ओतून अर्धी शाळा मारली." "कोण मेलं?" हेडमास्तर दचकून विचारत. "तुमका नाय दिसूचा." दोघं एकमेकांना मनापासून मानत, आणि रोज भांडत.

आता खड्ड्याबद्दल सांगायला हवं. आमच्या गावच्या खाडीकाठाला काथ्याचं काम चाले. नारळाची सोडणं, म्हणजे वरचं जाड साल, काठच्या खड्ड्यांत चिखलाखाली दाबून आठ-नऊ महिने कुजवायची, मग बायका ती बाहेर काढून दांडक्याने बडवत आणि त्या धाग्याचं सुंभ वळत. भागीकाकी ही त्या बायकांतली वडीलधारी. तिचा खड्डा सगळ्यांत जुना, आणि तिचा काथ्या सोन्यासारखा पिवळा निघे. बाकी खड्ड्यांतला कधी काळा पडे, कधी बडवताना तुटे. तिच्या खड्ड्यावर मात्र ऊन आलं की एक जांभळी साय धरलेली दिसायची. मास्तर सुट्टीच्या दिवशी सकाळी तिथे जाऊन बसत, ओंजळीत पाणी घेऊन वास घेत.

"मास्तरानू, वास घेवन काय बघतास?" भागीकाकी म्हणायची. "अजून दोन महिने होये."

"दीड," मास्तर म्हणत. आणि दीडच लागायचा, असं भागीकाकी स्वतः कबूल करी.

त्या सायीत काय आहे हे त्यांनी मला दाखवलं तो दिवस मला लख्ख आठवतो. आधी एक थेंब खालच्या चिखलाचा. त्यात जाडजूड, सरळ काड्यांसारखी मंडळी. "हे वाढपी आणि जेवणारे, दोनय हेच. सोडण सुटां करतत. पण करता करता आंबट टाकतत मागे. ताच साठत गेलां, की स्वतःच्याच उष्ट्यात बसून गुदमारतत. काम बंद. काथ्यो काळो." मग दुसरा थेंब, सायीचा. त्यात चवळीच्या दाण्यासारखी वाकडी, इवली मंडळी, इकडून तिकडे पळणारी. "आणि हो बघ. ऊन घेता आणि तां आंबट खावन टाकता. खालच्यांची जागा मोकळी. परत कामाक लागले." डोळा यंत्राला तसाच ठेवून मी म्हणालो, "म्हणजे हा पत्रावळी उचलतो." मी वर बघितलं तर मास्तर खुशीने नुसते हसत होते. इतकी वर्षं हे कोणाला तरी सांगायची वाट बघत असावेत.

हे त्यांनी वाऱ्यावर ठरवलेलं नव्हतं. शेजारी-शेजारी दोन बरण्या लावायच्या, एकीत साय घालायची, दुसरीत नाही. बिनसायीची काळी पडे, सायीची सोडणं मऊ होत. तरी पुन्हा लावायच्या, जागा बदलून, बरण्या बदलून. बाजारातला चायना ग्रास, म्हणजे उकळून गार केला की थिजतो तो शेवाळाचा पदार्थ, आणून, सोडणाच्या पाण्यात उकळून त्याच्या वड्या पाडायच्या आणि त्यावर ती वाकडी मंडळी एकटी वाढवायची. मास्तरांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, त्यांना स्वयंपाकघराची बंदी केली होती ती त्यामुळेच. बारा वर्षं हे चाललं होतं. कुठल्याही पुस्तकात ही मंडळी त्यांना सापडली नव्हती. गावात त्यांना 'चिखलमास्तर' म्हणत, तोंडावरसुद्धा. ते 'ओ' देत.

चित्रांच्या बाबतीत मात्र भलते कडक. एकदा मी एका वाकड्या दाण्याला जरा छाया देऊन गोलाई आणली. छान दिसत होतं. मास्तर बघून म्हणाले, "ही छाया खंयसून इली?" मी म्हटलं, "शोभेसाठी." त्यांनी कागद परत केला. "चित्रकार, ह्याका मिरवूचा नाय. आसा तसो काढ." मी घुश्शात सात वेळा काढलं. सातवं त्यांनी घेतलं. ते अगदीच साधं होतं आणि, आता कबूल करतो, माझ्या हातून झालेलं ते सर्वांत चांगलं चित्र आहे.

मुंबईला त्यांनी चार पत्रं लिहिली, माझ्या चित्रांसकट. तिघांकडून उत्तर नाही. चौथं पत्र एका मोठ्या कॉलेजातल्या डॉक्टरसाहेबांना गेलं आणि त्यांचं उत्तर आलं: सुट्टीत कोकणात येतो आहे, दोन दिवस तुमच्याकडे राहीन, खड्डा जसा आहे तसा बघायचा आहे. मास्तरांनी ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं. एरवी इतका शांत माणूस, पण त्या आठवड्यात मुलांना एकच धडा दोनदा शिकवत होता. साहेबांना आणायला ते स्वतः कणकवलीला गेले, एसटीने. रात्री नातेवाइकाकडे मुक्काम, सकाळी पाहुण्याला घेऊन परत. एवढंच. एका दिवसाची गैरहजेरी.

तेवढ्यात हेडमास्तरांना पाहुणचार सुचला.

मुंबईचा विद्वान आपल्या गावात येणार, आणि त्याला नेऊन उभं करायचं कुठे, तर कुजक्या सोडणांच्या खड्ड्यापाशी! त्यांना ते सहन होईना. मला ते आधी एवढंच म्हणाले होते, "आपले मास्तर एवढा मान मिळवताहेत, त्यांची मान खाली जाता कामा नये." त्या दिवशी मी परीक्षेच्या कामाला दुसऱ्या शाळेत. हेडमास्तरांनी दोन गडी लावले, भागीकाकीचा खड्डा उपसला, सोडणं धुऊन काठावर रचली, खड्ड्यात चुन्याची तीन पोती आणि आरोग्य खात्याची जंतू मारायची दवापावडर ओतली, कडेचे दगड चुन्याने रंगवले, आंब्याच्या टहाळ्यांचं तोरण बांधलं. भागीकाकी घरी नव्हती. मग त्यांना विज्ञानाची खोली आठवली. शाळेच्या शिपायाकडून बरण्या रिकाम्या करवल्या, राखेने घासल्या, फिनेलने विसळल्या आणि ओळीने उन्हात पालथ्या घातल्या.

मास्तर पाहुण्यांना घेऊन थेट खड्ड्यावरच आले. मीही धावत पोचलो. पांढरंशुभ्र पाणी, पांढरे दगड, वर तोरण, आणि बाजूला इस्त्रीचा कोट घालून हार हातात घेतलेले हेडमास्तर. मास्तर खड्ड्याशी गेले. सवयीने खाली वाकून ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला. मग तसेच बसले. "साहेब," ते पाहुण्यांना शुद्ध मराठीत म्हणाले, "दाखवण्यासारखं काही उरलेलं नाही. परवापर्यंत होतं."

हेडमास्तर गडबडले. "मास्तरानू, पाव्हणो मुंबयसून इलो. तेका काय त्या घाणीत उभो करूचो?"

"तां बघूकच इलो होतो तो," मास्तर म्हणाले. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "खोलीत बरणी आसा," त्यांना आठवलं आणि ते उठायला लागले. हेडमास्तरांनी हातातल्या हाराकडे बघितलं. "बरण्योय... साफ केल्यो," ते म्हणाले. मास्तर परत बसले. बारा वर्षं त्या पांढऱ्या पाण्यात गेली होती, आणि ती घालवणारा माणूस त्यांच्याच कौतुकासाठी हार घेऊन उभा होता. मला रडू आलं, आणि हसूही येत होतं, दोन्ही एकदम.

पाहुणे सज्जन. ते म्हणाले, पुढच्या वर्षी येऊ. पण पुढच्या वर्षी काय दाखवणार होतो?

एवढ्यात भागीकाकी आली. आपला खड्डा बघून तिने आधी हेडमास्तरांना जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. मग तिची नजर मास्तरांकडे गेली.

"आणि तुमी असे कित्याक बसलास? कोण मेलां?"

"मंडळी गेली काकी. सगळी."

"गेली खंय? माझ्या चेडवाचो खड्डो रेडीक काळो पडलो म्हणान शिमग्याक घागरभर चिखल धाडललंय मी. नवो खड्डो घातलो की जुन्याचां विरजण घालूचा लागता, तां काय तुमका ठावक नाय?"

मास्तरांना ठाऊक नव्हतं. बारा वर्षं खड्ड्यावर बसून, वास घेऊन, थेंब थेंब पाहून, हा साधा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता आणि भागीकाकीनेही सांगितलं नव्हतं, कारण दही लावायला विरजण लागतं हे कोण कोणाला सांगत बसतं? मास्तर ताडकन उठले. "धरली? साय धरली थंय?"

"माका काय म्हायत. जावन बघा."

दुसऱ्या दिवशी आम्ही रेडीला, काकीच्या लेकीच्या गावाला, निघालो: मास्तर, पाहुणे, भागीकाकी, मी आणि, कोणी बोलावलं नसताना, हेडमास्तर. एसटी बदलत, तरीच्या होडीतून खाडी ओलांडत दुपार झाली. वाटभर हेडमास्तर रुमालात तोंड घालून बसले होते. भागीकाकीच्या लेकीच्या घरामागच्या परड्यापलीकडे खाडी होती. आम्ही माडांमधून उतरलो आणि मास्तर मध्येच थांबले. पुढे जायचा त्यांना धीर होईना. मला म्हणाले, "चित्रकार, तू बघ."

मी गेलो. उन्हात खड्डा पसरला होता आणि त्यावर जांभळी साय, काठापासून काठापर्यंत. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. मास्तर धोतर सावरत धावत आले, आणि मुंबईचे डॉक्टरसाहेब आपल्या कडक विजारीसकट गुडघ्यांवर चिखलात बसले. यंत्र मास्तरांनी मांडीवर धरून आणलंच होतं. साहेबांनी बराच वेळ बघितलं, खालचा थेंब, वरचा थेंब, परत खालचा. मग डोळा न काढता म्हणाले, "मास्तर, हे माझ्याही पुस्तकात नाही." मास्तरांनी भागीकाकीला वाकून नमस्कार केला. ती दोन पावलं मागे सरकली. "ह्यां काय करतास! माझो काथ्यो बरो व्हवचो म्हणान केलंय मी."

परतीच्या एसटीत एक घागर होती, जांभळ्या चिखलाने भरलेली, आपला खड्डा पुन्हा लावायला. कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. हेडमास्तर म्हणाले, "नाही." इस्त्रीच्या कोटावर, मांडीवर, दोन्ही हातांनी घागर धरून ते मालवणपर्यंत बसून आले. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला थोडा चिखल कोटावर सांडे आणि हेडमास्तर घागरीच्या तोंडावर आणखी घट्ट हात दाबत. शेजारची बाई नाकाला पदर लावून उठून गेली. मास्तर खिडकीतून बाहेर बघत होते. खांदे हलत होते. मग हेडमास्तरही हसायला लागले आणि घागर डचमळली तेव्हा दोघं एकदम ओरडले, "सांभाळ!"

वर्ष-दीड वर्षाने एक छापील पुस्तिका टपालाने आली. त्या वाकड्या मंडळीचं वर्णन, दोन शब्दांचं लांबलचक लॅटिन नाव, मास्तरांचं नाव साहेबांच्या नावाशेजारी आणि माझं सातवं चित्र. हेडमास्तर ते लॅटिन नाव म्हणायचा प्रयत्न करत होते. मास्तरांनी तिकडे लक्षच दिलं नाही. एका ओळीवर बोट ठेवून बसले होते. त्या ओळीत लिहिलं होतं की हा जीव इतरांनी टाकलेलं आंबट खाऊन त्यांचं काम चालू ठेवतो. "नाव काय, बारशाक कोणय ठेवता," ते मला म्हणाले. "काम लिवलां, तां बघ." पुस्तिका घेऊन ते खाडीवर गेले आणि भागीकाकीला ती ओळ मालवणीत वाचून दाखवली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे आता तरी माझ्या खड्ड्यात चुनो कोण घालूचो नाय मां?"

शाळेने मास्तरांच्या सन्मानाला जेवण ठेवलं. सगळं गाव लोटलं. ज्या दोन घरांनी त्यांना बोलावणं बंद केलं होतं, तीही आली. मास्तर टोपली शोधत मागच्या दाराशी गेले, तर हेडमास्तरांनी त्यांना दंडाला धरून आणलं आणि पहिल्या पंगतीत, अगदी पहिल्या पाटावर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा बसले असतील. कसं जेवायचं ते विसरल्यासारखे अवघडून जेवले. शेजारी भागीकाकी बसली होती, तीही तशीच अवघडलेली.

पंगत उठायची वेळ झाली. मास्तरांचा हात सवयीने स्वतःच्या पत्रावळीकडे गेला. तिथे दुसरा हात आधीच पोचला होता. हेडमास्तर धोतर गुडघ्यापर्यंत खोचून वाकले होते, कोट कुठे काढून ठेवला होता, बगलेत टोपली. सबंध गावादेखत त्यांनी मास्तरांची पत्रावळ उचलली, मग भागीकाकीची, मग पुढची. मास्तर बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते, आणि उष्ट्या हाताने ते पुसता येत नव्हते.

मग घसा साफ करून ते मोठ्याने म्हणाले, "चला, दुसरी पंगत बसवा."